हद्दीचा दगड

नाथसागराच्या काठाने जाणाऱ्या त्या रस्त्याचा विषय कुणी काढला की आजही माझं डोकं फिरतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या एका अपघाताच्या कागदांचा जेवढा राग आला, तेवढा कुठल्या दरोडेखोराचाही आला नाही.

तो रस्ता मुळात तिथे नव्हता. निजामाच्या काळातली जुनी सडक नदीकाठच्या गावागावांतून जायची. धरण झालं, पाणी चढलं, गावं उठली आणि सडक पाण्याखाली गेली. मग टेकाडाच्या बाजूने, तळ्याला वळसा घालून नवा रस्ता काढला. आमच्या ठाण्याची हद्द मात्र कागदावर 'जुन्या सडकेवरील मैलाच्या दगडापर्यंत' अशीच राहिली, आणि तो दगड तळ्याच्या तळाशी होता. तेव्हा आमच्या आणि शेजारच्या अशा दोन्ही ठाण्यांच्या कुणा जुन्या अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवलं, की नव्या रस्त्यावरचा किलोमीटरचा एक दगड हीच हद्द धरायची. दगडाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. दगडाच्या थोडं अलीकडे एक वाईट वळण होतं. समोर एकदम पाणी दिसतं, चालकाची नजर तिकडे जाते आणि गाडी बाहेर फेकली जाते. म्हणजे ते वळण आमच्या हद्दीत.

माझी त्या ठाण्यात बदली झाली, तेव्हा हजर झाल्या दिवशीच जमादाराने सह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. पंचवीस वर्षं त्याच भागात काढलेला, कामाचा माणूस. मी सह्या करत सुटलो.

चौथ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला म्हणून बाहेर आलो. पन्नाशीची एक धनगर बाई उभी होती. जमादार तिला सांगत होता, "मावशे, किती येळा सांगू? ती जागा आमची नाय. तिकडच्या ठाण्यात जा."

"तिकडचे म्हणतेत, इकडं जा," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. मपला माणूस मेला का नाय, एवढं तरी कुणी लिहून घ्या की!"

मी तिला आत बसवलं. मेंढरं त्या वळणावर रस्ता ओलांडत असताना भर दुपारी एका पिवळ्या टिपरने तिच्या नवऱ्याला उडवलं होतं. टिपरचा डावा दिवा फुटला होता, हे तिने पाहिलं होतं. माणूस शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथून अकस्मात मृत्यूचे कागद आमच्याकडे आले, आमच्याकडून पलीकडच्या ठाण्यात गेले आणि परत आले. पंचनामा झाला नव्हता, टिपर कुणी शोधला नव्हता. त्या दिव्याच्या काचा उचलायलाही कुणी गेलं नव्हतं. कायदा सांगतो, हद्द कुणाचीही असो, फिर्याद आधी घ्या आणि मग हव्या त्या ठाण्याला पाठवा. हे शिपायालाही पाठ असतं.

मी फिर्याद लिहायला सांगितली आणि ते कागद मागवले. आमच्याकडून परत गेलेल्या पत्रावर 'सदर ठिकाण आमच्या हद्दीत येत नाही, सबब परत' असं लिहिलेलं होतं. खाली माझी सही. पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यातली, न वाचता केलेली.

तिला जीपमध्ये घेऊन मी जागेवर गेलो. वळणाच्या अलीकडे दगड उभा होता. म्हणजे वळण पलीकडच्या ठाण्याचं. कागद बरोबर होते. बाई मात्र दगडाकडे बघतच राहिली.

"सायेब, ह्यो इथं नव्हता."

"म्हणजे?"

"मालक पडला तवा म्या ह्याच दगडापशी उभं राहून पदर हालिवला, गाड्या थांबाव्या म्हणून. तवा ह्यो वळणाच्या म्होरं व्हता. हे बघा, ह्या आमच्या कातरीच्या रेघा. दरसाल लोकर कातरायच्या आधी आमी ह्याच्यावरच धार लावतो."

दगडाच्या पाठीवर बोटभर खोल रेघा होत्या. मी वळणाच्या पुढे चालत गेलो. तीनशे पावलांवर बुजवलेला खड्डा सापडला. माती भुसभुशीत होती आणि तिच्यात पांढऱ्या रंगाचे टवके होते.

मला वाटलं, टिपरवाल्याचं काम. वळणावर चहाची टपरी चालवणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचं मूळ गाव समोरच्याच पाण्यात बुडालेलं. मी टिपरच्या मालकाबद्दल विचारायला लागलो, तसा त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"साब, नाराज नक्को होना. पत्थर तो तुमारेच लोगां सरकाए. हादसे के दूसरे दिन सुबू. जीप भी येच थी."

मी ज्या जीपने आलो होतो, तीच. कानशिलं तापली माझी.

जमादाराला मी समोर बसवलं. आरोपीला बसवतो तसंच. तासभर तो नाहीच म्हणत होता. मी दगडावरच्या रेघांचे फोटो टेबलावर ठेवले, खड्ड्यातल्या टवक्यांची पुडी ठेवली आणि जीपच्या लॉगबुकातलं त्या सकाळचं पान उघडलं. तसा तो खाली बघून बोलायला लागला.

"साहेब, त्या वळणावर लई अपघात व्हतेत. गुन्हे बैठकीत आपल्या ठाण्याचा आकडा वाढतो, बोलणी साहेबालाच बसतेत. तुम्ही नवे येणार व्हते. म्हणलं, पहिल्याच महिन्यात तुम्हाला डाग नको."

"म्हणजे हे माझ्यासाठी केलंस?"

"व्हय साहेब. अन् आम्हीच एकटे नाय. मागं त्यांनीबी दोनदा सरकवला व्हता."

दोन ठाण्यांचे वर्दीतले लोक वर्षानुवर्षं एक दगड इकडून तिकडे नाचवत होते, आणि त्याला ते काम म्हणत होते! त्याचा शांत चेहरा बघून मला हात उचलावासा वाटला. उचलला नाही, कारण पत्रावरची सही त्याची नव्हती.

टिपर चितेगावच्या बाजूला एका गॅरेजमध्ये सापडला. गंजक्या गाडीला डावा दिवा तेवढा कोरा करकरीत. चालकाने माझ्यापुढे सगळं कबूल केलं, पण पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. तिथे काच लागते, रक्त लागतं, वेळेवर केलेला पंचनामा लागतो. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात एकच विचारलं, "गुन्हा दाखल करायला आठ दिवस का लागले?" मी खरं ते सांगितलं. चालक सुटला.

माझ्या अहवालात दगड होता, जमादार होता आणि माझी सहीही होती. जमादाराची विभागीय चौकशी लागली, मला लेखी समज मिळाली. बाईला काही मिळालं नाही.

दगड मी मूळ खड्ड्यात सिमेंट ओतून पक्का बसवला होता. पुढच्या हिवाळ्यात त्या रस्त्याने जाताना ती दिसली. दगडापाशी बसून कातरीला धार लावत होती, मेंढरं उतारावर चरत होती. मी जीप थांबवून उतरलो. काहीतरी चांगलं सांगावं असं वाटत होतं.

"मावशी, आता हा हलणार नाही. इथून वळणापर्यंत सगळी जबाबदारी माझी."

तिने हात थांबवला नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "पर मपला माणूस पडला तवा तुमी कुठं व्हते, सायेब?"

तेव्हा मी या ठाण्यात नव्हतोच, असं म्हणता आलं असतं. पण चार-पाच दिवसांनी आलो होतो, आणि आल्या दिवशीच ती सही केली होती. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्या दिवशी मी एकही सही केली नाही. आधी हद्दीच्या प्रत्येक दगडापर्यंत स्वतः जाऊन यायचो आणि मगच खुर्चीत बसायचो. हाताखालचे लोक हसायचे, नवे साहेब दगड मोजतात म्हणायचे. त्यांना मी कारण कधी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.