आडवं धरलेलं एरियल

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापूरला पोलीस वायरलेसवर हवालदार होतो. शिक्षण सातवी, घर लांब कोकणात. खात्याने पोटाला लावले याचे उपकार वाटत, आणि एका चुकीने नोकरी जाईल ही धास्तीही असे.

आमच्या चॅनेलवर कोणीतरी खोटे निरोप देत होते. "अपघात झालाय, मंगळवेढा रोडला गाडी पाठवा." नाक्यावरची गाडी तिकडे धावली की चोरट्या मालाचे ट्रक इकडून पसार. निरोपामागे सारखी घुरघुर असे, त्यात आवाज ओळखू येत नसे.

एका ट्रान्सपोर्टच्या मुकादमाने खबर दिली: विणकर वस्तीत एका रेडिओ मेकॅनिकच्या छतावर उंच बांबू आहे, त्याला तार आहे. छापा घातला. घरी तारेला जोडलेला, आवाज हवेतून पाठवणारा सेट मिळाला. चालू केला, तर तीच घुरघुर! 'निरोप याच सेटवरून गेले' असा अहवाल मी सहीनिशी दिला. मेकॅनिकला अटक झाली आणि निरोपही थांबले.

तीन दिवस चौकशी चालली. मेकॅनिकचे एकच पालुपद. "सायेब, मी ह्या सेटवरनं गल्लीतल्या रेडिओंवर गाणी ऐकवतो. परवाना न्हाय, कबूल. पर निरोप माझे न्हाईत." त्याची आई भाकरी घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून असे.

चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "तुमचं एरियल उभं, माझा बांबूबी उभा. म्हणून माझंच लई ऐकू येतं. दुसऱ्या कुणाची तार आडवी असंल, तर ती आडव्या एरियललाच नीट ऐकू येणार. एकदा आडवं धरून ऐका की."

फौजदार हसले. "काय रे कोकण्या, आता आरोपी तुझी शिकवणी घेणार?" पण परवानगी दिली.

मेकॅनिकला कोठडीतच ठेवून तो सुटल्याची आवई उठवली. त्याचा सेट शिपायाकरवी त्याच्या घरी पुन्हा लावला. संध्याकाळी घुरघुर सुरू झाली आणि लगेच खोटा निरोपही आला. मी गच्चीवर एरियल सोडवून आडवे धरले. घुरघुर विरली. आवाज स्वच्छ झाला. खबर देणारा तोच मुकादम बोलत होता. सकाळीच आमच्यात बसून चहा पिऊन गेलेला!

मुकादमाकडे छापा घातला, तर त्याच्या गच्चीवर सूत वाळवायच्या तारा होत्या. त्यातल्या एकीचे टोक खाली खोलीत, सेटला जोडलेले होते. मेकॅनिकच्या घुरघुरीआड तो आपला आवाज लपवत होता आणि संशयही त्याच्यावरच ढकलत होता.

घुरघुर एक म्हणून माणूसही एकच, असे मी धरून चाललो होतो. पुढे निवृत्त होईपर्यंत अहवालात 'खात्री आहे' लिहिण्याआधी मी सगळे दोनदा तपासत असे.

मेकॅनिकवर विनापरवाना सेटचा खटला तेवढा राहिला. तो सुटला तेव्हा त्याची आई माझ्या पाया पडायला वाकली. "तुमच्यामुळं लेक वाचला, दादा." मी मागे सरलो. त्याला अडकवणाऱ्या कागदावर सही कोणाची होती, हे तिला ठाऊक नव्हते. आणि मीही सांगितले नाही.