परबकाकांचे पाणटिवळे

मालाडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे परबकाका खाडीवर कधी जायचं ते घड्याळ पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवत. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ निघाली. तिच्या सहा तास आधी ओहोटी. मग माझं दार वाजवत. "चेडवा, आज तृतीया. सव्वाआठाक चिकल उघडो पडतलो. ऊठ!" रविवारी सकाळी सहाला! मी कपाळावर हात मारायचे आणि बूट घालायचे.

गिरणी बंद पडल्यावर काकांनी एका शाळेत शिपायाची नोकरी केली. पक्ष्यांचा नाद कुठून लागला, कोण जाणे. हिवाळाभर दर रविवारी मार्व्याहून होडीने मनोरीला उतरायचं आणि तिवरांच्या कडेकडेने खाडीकाठ पालथा घालायचा. तुतवार, धोबी, कुरव, सगळ्यांची नोंद दोनशेपानी वहीत. एकदा लांबवर काहीतरी घिरट्या घालताना बघून मी म्हटलं, "ब्राह्मणी घार, लिहा."

"दिसली काय वाटली?"

"वाटली."

"मगे गप. दिसला ता लिवचा. वाटला ता लिवचा नाय."

एवढ्याशा घारीवरून माणूस अर्धा तास बोलला नाही माझ्याशी. असा खडूस! पण आई गेल्यावर मला घराबाहेर काढलं ते याच खडूस माणसाने, हेही खरं.

मग काचबिंदूने त्यांची नजर नेली. गेल्या हिवाळ्यात त्यांना उजेड तेवढा कळायचा, तरी खाडी सुटली नाही. माझा दंड धरून चालायचे. मी बघून सांगायचे, मीच वहीत लिहायचे. "चोच कशी? पाय खंयच्या रंगाचे?" उलटतपासणी झाल्याशिवाय एक पक्षी पास होत नसे.

त्या वर्षी पाणटिवळे आले नव्हते. चिखलात लांब सरळ चोची खुपसत हिंडणारे हे पाहुणे काकांचे भारी लाडके. दर रविवारी विचारायचे, "इले?" मी नाही म्हणायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांना चालताना धाप लागत होती. तरी पुन्हा तेच, "इले गो?" मला बघवेना. म्हटलं, "आले की काका! तीसेक आहेत."

काका उभेच राहिले. चोच विचारली नाही, पाय विचारले नाहीत. रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "लिव." मी लिहिलं.

परतताना होडीत नेहमीचा एक कॅमेरावाला भेटला. "काय काका, पाणटिवळ्यांनी यंदा दगा दिला ना! आत्ता सगळा काठ फिरून आलो, एक नाही."

घरी जिन्यात काकांनी माझा दंड सोडला आणि कठडा धरला. "डोळे गेले, तेचा माका काय वाटूक नाय. तुझ्या डोळ्यांनी बघी होतंय मी. आता तू सांगशीत ता खरा कसा मानू?"

"चुकलं माझं काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"माका ठावक आसा," म्हणाले आणि एकेक पायरी चाचपत वर गेले.

पुढच्या रविवारी दार वाजलं नाही. मीच वर गेले, तर सून म्हणाली, "बाबा नको म्हणतायत गं." त्यानंतर ते खाडीवर आलेच नाहीत. मी एकटीच जात राहिले. आणि जानेवारीत पाणटिवळे खरंच आले, चाळीसच्या वर! रिक्षा करून घर गाठलं, तीन जिने एका दमात चढले. काका कॉटवर पडून होते, पार खंगलेले.

"काका, आले! आईशप्पथ! चोच मुळाशी गुलाबी, पाय काळपट. चला ना, मी धरून नेते."

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. "आसतीत गो," म्हणाले. मग सुनेला हाक मारून सांगितलं, "हिका चाय दी."

मी चहा प्यायले. आठवड्याभरात काका गेले. माफ तर त्यांनी मला केव्हाच केलं होतं. विश्वास मात्र ठेवला नाही, तो शेवटपर्यंत.