आठ जणांतली बासरी

बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी वीस वर्षं बासरी शिकवली. सुरुवातीला शिकायला येणारे बँकेतले, पोस्टातले, नाहीतर निवृत्त लोक असत. मग शहरात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि माझ्या सतरंजीवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलंमुली बसू लागली. मंडळी हुशार, पण घाईची. यमनला किती आठवडे लागतात, असं एकाने पहिल्याच दिवशी विचारलं. तुला किती लागतील ते माहीत नाही, मला अजून पुरले नाहीत, असं मी सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात परत आला, म्हणजे मुलगा बरा होता.

त्यांच्यातच एक मुलगी होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं कंपनीतलं काम. क्लासातही ती तेच करी, आणि स्वतःलाही सोडत नसे. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी आयर्लंडला पाठवलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. परत आली ती पत्र्याची, शिट्टीसारखी तोंडात धरायची एक छोटी बासरी घेऊन. तिथे म्हणे पबमध्ये लोक आपापली वाद्यं घेऊन गोल करून बसतात आणि जुन्या लोकधुना एकत्र वाजवतात. ना स्टेज, ना माईक, ना टाळ्या. ही त्यांच्यात बसायला लागली होती. पुण्यात तिच्या कंपनीत एक आयरिश गृहस्थ होते, ते व्हायोलिन वाजवत. दोघांनी आणखी पाच जण जमवले आणि दर रविवारी सकाळी तिच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर तशीच बैठक सुरू केली. अशा बैठकीला ते सेशन म्हणत. एक दिवस मलाही बोलावणं आलं.

मी लगेच हो म्हटलं नाही, आणि का ते कुणाला सांगितलंही नाही. तीन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला होता. त्यातून उठले, पण दमसास गेला. जी ओळ मी एका श्वासात वाजवत असे, तिच्या अर्ध्यावरच आता छाती रिकामी होई. कार्यक्रम मी एकेक करून नाकारले. गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही, असं सांगत असे आणि ते खपून जाई. क्लासात दोन-चार स्वर वाजवून दाखवायचे आणि बाकीचं बोलण्यावर निभावून न्यायचं, असं चाललं होतं. बासरी वाजवू न शकणारी बासरीची बाई, ही माझी अवस्था मला सहन होत नव्हती. घरात ती फक्त यजमानांना ठाऊक होती.

त्या मुलीने बोलावताना धुनांची एक सीडी दिली होती. ती ऐकायला यजमानांनी बुधवार पेठेतून प्लेअर आणला आणि पंधरा दिवस माझ्याबरोबर त्यांनीही त्या धुना सोसल्या. ही संपते कधी, असं त्यांनी विचारलं. तीनदा वाजवायची आणि न थांबता पुढचीत शिरायचं, असा रिवाज आहे, असं मी सांगितलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच आहे मग, एवढं बोलून ते पेपर वाचू लागले. धुना मात्र गोड होत्या. माझ्या पांढरी पाच पट्टीच्या बासरीवर नेमक्या बसत. फक्त त्यांचा सा माझ्या पंचमावर येई. आठवड्याभरात बोटं सरावली, आणि येते म्हणून मी कळवून टाकलं.

पहिल्या रविवारी पोहे झाले, चहा झाला आणि व्हायोलिनवाल्या गृहस्थांनी एक धून सुरू केली. मला येत होती, मी सामील झाले. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत वाटलं, तेच तेच किती वाजवायचं? तिसऱ्या फेरीत मी धून सोडली आणि मैफलीतल्यासारखी बढत करत ती माझ्या मनाने फुलवू लागले. छोट्या ताना घेतल्या, एक तिहाई टाकली. एकेक वाद्य थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बैठक जिंकली. मग एका लांब तानेत श्वास तुटला, मी हसून मान हलवली आणि तिथेच थांबले, जणू तसंच ठरवलं होतं. घरी आल्यावर यजमानांना मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, फक्त तुटलेला श्वास वगळून.

बुधवारी क्लास संपल्यावर ती मुलगी मागे थांबली.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू? रविवारी लोक थांबले, ते तुम्हाला ऐकायला नाही थांबले."

"मग कशाला थांबले?"

"त्यांना तुमच्याबरोबर वाजवता येईना. धून तुम्ही एकट्याच घेऊन गेलात."

माझ्या तोंडावर हे बोलायची वीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. माझा दम तुटला तेव्हा ती घाबरली होती, आणि माझे गुडघे दुखत नाहीत हेही तिला कधीच कळलं होतं. चुका शोधायच्या नोकरीतली मुलगी, तिच्यापासून मी काय लपवणार होते? ती म्हणाली की तिथे आठ जण वाजवत असतात, मी मध्येच श्वास घेतला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

"माझ्या येईल ना," मी म्हटलं आणि दार उघडून उभी राहिले.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी यजमानांनी विचारलं, रागावली आहेस की घाबरली आहेस? दोन्ही, मी म्हटलं. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि अख्खं शहर ओलांडून मला विश्रांतवाडीला नेऊन सोडलं.

माझ्या मागच्या पराक्रमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. थोड्या वेळाने आयरिश गृहस्थांनी, आता धून तुम्ही सुरू करा, असं सुचवलं. दादऱ्यासारखी डुलणारी एक धून मी धरली. दुसऱ्या ओळीला सगळे आले. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर छाती रिकामी झाली. इतकी वर्षं इथेच मला घाम फुटायचा. मी बासरी ओठांवरून काढली, नीट दोन श्वास घेतले. धून चालूच होती. मी सुरू केलेली धून सात जण माझ्याविना वाजवत होते आणि त्यात काहीही कमी वाटत नव्हतं. क्षणभर मला त्याचं वाईट वाटलं. मग पुढची ओळ आली, मी तिच्यात शिरले, आणि इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. पाऊण तास वाजवलं मी त्या दिवशी. आजारपणानंतर सलग दहा मिनिटंही मला जमली नव्हती.

माझ्या क्लासात एकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा माझा नियम होता. सोमवारी मी नऊच्या नऊ विद्यार्थ्यांना गोल बसवलं आणि स्वतःही त्यांच्यात बसले. न्यूमोनियाचं सांगितलं, नाकारलेल्या कार्यक्रमांचंही सांगितलं. मुलं गंभीर चेहरे करून बघत राहिली, तेव्हा मीच दटावलं की चेहरे नका पाडू, बासऱ्या उचला.

"मध्येच मी थांबेन," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही कुणी थांबायचं नाही."