इथं उतारच नाही, सर

शौकत मंगळवारी गेला. सकाळी सहाच्या सुमारास त्याच्या खोलीत राहणाऱ्या बबनचा फोन आला. "सर, शौकतभाई उठंनात," तो म्हणाला. मी चपला घातल्या आणि निघालो. शारजातल्या अल नहदाहून दुबईतल्या मुहैस्नाहला, त्याच्या खोलीवर पोचायला पन्नास मिनिटं लागली. तोवर खाली अँब्युलन्स उभी होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसतो, दोन ओळी लिहितो आणि उठून खिडकीशी जातो. खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो. तिथल्या खिडक्यांतून बहुधा आमचा दिसत असेल. मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. एकोणीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवतो आहे. चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच आत असणार, हे गृहीत धरायची सवय त्यातून लागते. शौकतच्या बाबतीत या सवयीनं घात केला, आणि तो माझ्या हातून झाला... म्हणून हे लिहितो आहे.

आमची ओळख माझ्या मुलीच्या सायकलमुळे झाली. ईशा तेव्हा नऊ वर्षांची होती. दुबईतल्या एका मोठ्या सायकलच्या दुकानात मागच्या बाजूला, निळा एप्रन घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस चाक फिरवून बघत होता. "साखळी पार सुकलीय हिची," तो सरळ मराठीत म्हणाला. ईशा माझ्याकडे वळली. "बाबा, हाऊ डझ ही नो वी आर मराठी?" शौकत हसला. "दुकानात शिरल्यापासून तुझे बाबा 'अगं हळू, अगं हळू' करतायत. आणखी काय पुरावा पाहिजे?"

तो श्रीवर्धनकडचा. सव्विसाव्या वर्षी इकडे आला तो इमारतींच्या सळया बांधायला. हाताला कसब आहे हे मालकाच्या लक्षात आलं आणि त्यानं त्याला आपल्याच सायकलच्या दुकानात आणून बसवलं. तिथे तो पंधरा वर्षं होता. सरकारी ओळखपत्राच्या कार्डावरचा पेशा मात्र तसाच राहिला, स्टील फिक्सर. इकडे हे सर्रास चालतं. कार्डावर मेंढपाळ असलेला माणूस हॉटेलात डोसे घालत असतो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

दुकानात येणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांकडे एक विशिष्ट सायकल असे. वळलेलं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं, टायर मात्र जाड, खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठी. दुकानात तिला ग्रॅव्हल बाइक म्हणत. शौकत 'खडीची सायकल' म्हणायचा. वसंत ऋतूत ही मंडळी भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ मुलुखात जात. जिथे मोटारी फिरकत नाहीत, बाजूला ऑलिव्हच्या बागा आणि दगडी कुंपणं असतात, असे रस्ते शोधून हिंडत. परतल्यावर सायकली खोक्यांतून थेट शौकतपुढे येत. तो त्या लगेच धूत नसे. आधी वाचत असे. मला दुसरा शब्द सुचत नाही. वाचन हे माझं काम आहे आणि त्याचं बघून मला ते ओळखू येई. ब्रेकचे पॅड किती झिजले यावरून उतार किती लांब होता ते तो सांगायचा. पांढरी, पिठासारखी धूळ असली तर इटलीतलं तोस्काना. काळी, खरखरीत असली तर सिसिलीतल्या ज्वालामुखीच्या अंगाची. एकदा खोक्यातले बूट उलटे करून म्हणाला, "हे बघा सर, तळ पार गेलाय. साहेब चढावर सायकल ढकलत गेलेत. फोटो मात्र माथ्यावरचाच दाखवतील."

आणि मग ती माती तो रिकाम्या अत्तराच्या बाटलीत भरून ठेवायचा. बोटाएवढी बाटली, वर कागदाची पट्टी, तिच्यावर जागेचं नाव मराठीत. स्पेनच्या मायोर्का बेटाची माती आली तेव्हा त्यानं ती तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिली. आमच्या कोकणात असते तशी लालभडक. त्याच्या गावाला वरच्या वाडीवरून खाली बंदरापर्यंत उतार होता. लहानपणी पावाची टोपली मागे बांधून तो रोज तिथून खाली यायचा. सायकलला ब्रेक नव्हते, टाच मागच्या टायरला लावायची. "अब्बा ओरडायचे, चपला लवकर झिजतात म्हणून. सायकल थांबत नाही याचं काही नाही!" मग थांबून म्हणाला, "इथं उतारच नाही, सर. फ्लायओव्हर सोडला तर. आणि तिथं सायकल न्यायला बंदी."

हे तो हसत म्हणाला, पण मला ते लागलं. मीही रोज त्याच सपाट रस्त्यावरून, त्याच सिग्नलला थांबत शाळेत जातो.

दुकानात एक वयस्कर लेबनीज इंजिनिअर यायचे. सगळे त्यांना 'मुहंदिस' म्हणत. दर वर्षी ते सात-आठ जणांना घेऊन सिसिलीच्या डोंगरांत सायकली फिरवत. दोन वर्षांपूर्वी ते शौकतला म्हणाले, "हबीबी, तू माझ्याबरोबर चल. दहा दिवस. सायकली सांभाळ, आणि एक तुझ्यासाठी पण आणतो." शौकत म्हणाला, "इन्शाल्ला." त्याच संध्याकाळी तो व्हिसाचा फॉर्म घेऊन आमच्या घरी आला. इंग्रजी लिहायचं म्हणून त्याला मी हवा होतो.

जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. पेशाच्या रकान्याशी मी थांबलो.

"मेकॅनिक लिहा ना," तो म्हणाला.

"कार्डावर स्टील फिक्सर आहे, शौकत."

"मग सिसिलीत मुहंदिस काय मला बिल्डिंग बांधायला नेतायत?"

"कागदावर असेल तेच लिहावं लागतं."

"तुम्ही म्हणाल तसं, सर."

मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. स्टील फिक्सर. सोबत खुलाशाचं एक पत्र जोडता आलं असतं. इतकी वर्षं हा माणूस प्रत्यक्षात काय करतो आहे ते चार ओळींत सांगता आलं असतं. असली पत्रं मी शाळेसाठी आठवड्याला दहा लिहितो. त्या दिवशी मला ते सुचलं नाही. सगळे रकाने नीट भरले गेले याचंच मला समाधान होतं.

पासपोर्ट परत आला तो नकाराच्या पत्रासह. प्रवासाचं कारण पटण्याजोगं नाही, अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण केलेली होती. बरोबरच होतं. सळया बांधणाऱ्या माणसाला सायकलींच्या सहलीला कोण कशाला नेईल? मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "पण सर, तुम्ही खोटं कुठं लिहिलंत?" त्याच्या मनात टोमणा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

मुहंदिस सिसिलीला गेले. जाण्याआधी आपल्या दुसऱ्या सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "त्याला हत्ताला घेऊन जा." हत्ता म्हणजे इथून दीड तासावरचा डोंगराळ भाग. उघडे, तपकिरी डोंगर. झाड औषधाला नाही. सुटीच्या दिवशी सकाळी मी गाडी चालवली, मागे मुहंदिसांची खडीची सायकल. धरणापलीकडच्या एका कच्च्या वाटेनं शौकत सायकल ढकलत वर गेला आणि टेकडीआड दिसेनासा झाला. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खडीचा आवाज आला, आणि तो आला... एप्रनशिवाय मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. शर्ट फुगलेला, दोन्ही कोपरं बाहेर. ब्रेक होते, तरी वळणावर त्याची उजवी टाच मागच्या टायरकडे गेली. खाली येऊन माझ्यापाशी थांबला. दातांवर धूळ होती. मी विचारलं, "कसं वाटलं?" तो सायकल वळवून पुन्हा वर गेला. असा चार वेळा. परतताना गाडीत त्यानं एकच वाक्य उच्चारलं, "वारा तोच आहे, सर."

त्यानंतर आम्ही पेशा बदलायच्या मागे लागलो. मालक 'बघू' म्हणायचा, ऑफिसातला माणूस 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचा. प्रत्येक वेळी पत्र मी लिहायचो. आता मला पत्रं सुचत होती. दीड वर्षानं, या फेब्रुवारीत, नवं कार्ड आलं. बायसिकल मेकॅनिक. त्याचा फोटो काढून त्यानं मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'यल्ला सर, चला, फॉर्म आणू?' मी शनिवारी ये म्हटलं. तो मंगळवारी गेला. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्याच्या बायकोला, जुबेदावहिनींना, फोन मीच केला. कधी, कसं, ते त्यांनी विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "इथं आणेपर्यंत किती दिवस जातील, सर? त्यांना ताटकळत ठेवू नका. तिथंच मिट्टी द्या." मी एकदाच विचारलं, गावाकडे पाठवायचं का. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं तिथंच तर होते."

कागद पुन्हा मीच भरले. त्यातही पेशाचा रकाना होता. या वेळी थांबावं लागलं नाही.

कबरस्तान सपाट आहे. कबरींवर खडी पसरतात, डोक्याशी एक दगड. नमाज होईस्तोवर मी आणि बबन बाजूला उभे राहिलो. नंतर मुहंदिसांनी मला पुढे बोलावलं, मीही तीन मुठी माती दिली. करड्या रंगाची, कोरडी वाळू होती ती. हाताला चिकटली नाही.

दोन दिवसांनी बबन बुटांचं एक खोकं घेऊन घरी आला. "भाईंच्या पलंगाखाली होतं. वहिनी म्हणल्या, सरांना द्या." आत अत्तराच्या बाटल्या होत्या. शाळेत पुस्तकं लावतो तशा मी त्या ओळीनं टेबलावर मांडल्या, फॉर्म भरला होता त्याच टेबलावर. तोस्काना, सिसिली, मायोर्का, क्रीट, सार्डिनिया... शौकतचं अक्षर मोठं, डावीकडे कललेलं. एका बाटलीत तपकिरी खडी होती. तिच्यावर हत्ता लिहिलेलं असणार म्हणून मी चष्मा न लावताच ती शेवटी ठेवली. चष्मा लावल्यावर दिसलं, हत्ता लिहिलेलं नव्हतं.

खोकं माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. त्यात अकरा बाटल्या आहेत. दहांवर जागांची नावं आहेत. अकरावीवर त्यानं 'मी' लिहिलं आहे.