चक्क्याचं फडकं

लग्न होऊन मी सावद्याहून पाचोऱ्याला आले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं सांगते आहे. नणंदेला बघायला पहूरचे पाहुणे यायचे होते. नवरामुलगा म्हणायचं आपलं, होता तो चाळिशीचा बिजवर, पदरी दोन पोरं. नणंद सोळाची. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती.

त्याची आई खाण्यापिण्याच्या बाबतीत महाखट, अशी ख्याती. आधीची एक मुलगी तिनं म्हणे कढी फुटली एवढ्यावरून नापसंत केली होती. म्हणून सासूबाईंनी आधीच निरोप धाडला, पोरीच्या हातचं श्रीखंड खायला या. हात अर्थात माझे. मिरवायला पोरगी, राबायला सून!

आदल्या संध्याकाळी मी म्हशीचं दही बांधायला घेतलं. नणंदेनं घडी केलेलं, स्वच्छ धुतलेलं फडकं आणून दिलं. मी पुरचुंडी बांधून खुंटीला टांगली आणि खाली पातेलं ठेवलं. गळालेल्या पाण्यात पीठ भिजवलं की भाकरी मऊ होते, म्हणून ते कोणी टाकत नसे.

सकाळी चक्का परातीत घेऊन तळहातानं फेटायला लागले, तर हात चुरचुरायला लागला. कडेला लालसर झाक दिसली. नाकाशी नेला तर ठसकाच लागला. ते फडकं मिरचीपूड गाळायचं होतं. कितीही धुवा, तिखट त्याच्या विणीत बसलेलं असतं. घरात मी नवी, मला कुठून ओळखू येणार?

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "व माय! बठ्ठं नासी गयं. आते पाहुणासले काय वाढवा?"

नणंद चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, घाबरली बिचारी, चुकून दिलं असेल तिनं. मी तिचं नाव काढलं नाही. म्हटलं, फडकं मीच घेतलं.

पण हात टेकेन तर मी सावद्याची कसली! चक्क्यात मीठ, ठेचलेला लसूण, दाण्याचं कूट, कोथिंबीर घातली. वरून जिऱ्या-मोहरीची चरचरीत फोडणी दिली. तिखट आयतंच पडलेलं होतं. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि गोडाला माहेरहून आलेल्या केळ्यांचं शिकरण.

पाहुणीबाईंनी तो चक्का तीनदा मागून घेतला. "श्रीखंड काय, कोणीबी करतं," बोटं चाटत म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे." दुपार कलायच्या आतच सुपारी फुटली. सासूबाईंनी चारचौघींत माझं कौतुक केलं, ते पहिलंच. पुढे आठवडाभर मी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते.

पहिल्या दिवाळीला नणंद माहेरी आली. अंगावर दागिने भरपूर, चेहरा मात्र पार ओढलेला. मी मोठ्या हौसेनं तोच चक्का केला आणि तिच्यापुढे वाटी ठेवली. तिनं ती हातभर लांब सरकवली.

"वहिनी, ते फडकं मी मुद्दाम दिन्हं व्हतं."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"तू कशाले सावरी लिन्हं?"

मी वाटी उचलून आत नेली. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

तो चक्का पुढे मी कितीदा तरी केला. घरात सगळ्यांना आवडायचा, करा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आलेल्या बायका कृती विचारायच्या, मी सांगायचे. फोडणी घालताना मात्र दर वेळी चुलीपाशी मान खाली घालून बसलेली ती पोर दिसायची. या लग्नाला ‘नाही’ म्हणायला तिला त्या घरात दुसरी वाटच नव्हती. तिनं एक चक्का तेवढा नासवला होता, आणि मी तोही नीट करून वाढला.