आठ दिवस बंद पडलेलं इंजिन

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणू देत. हा एक तीळ दोन वर्षं तोंडात आहे — सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आमचे हे पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन अडलं की यांनाच बोलावणं. रिटायर झाले तेव्हा लेकीने खेळण्यातली आगगाडी दिली — खेळण्यातली म्हटलेलं चालायचं नाही हं, ‘मॉडेल’ म्हणायचं! सानपाड्याच्या आमच्या हॉलमधून टीपॉय गेला आणि प्लायवुडवर ठोकलेले रूळ आले. काळं इंजिन दिवसभर गोल गोल, आणि यांचे डोळे त्याच्यामागे. चहा दिला तरी नुसतं “हं.” इतकी वर्षं यांना कारखान्याने नेलं होतं, आता या गाडीने. सवत म्हणावी तर वीतभर!

एकदा इंजिन थांबलं. “अगं, जरा बॅटरी धर.” मी शेजारी मांडी घालून उजेड धरला. करंट रुळांतून चाकांत येतो, मधे धुळीचा पापुद्रा आला तरी अडतो — हे मला किती प्रेमाने समजावून सांगितलं! खांद्याला खांदा लागलेला. मग फडक्याने चाकं पुसली, गाडी सुटली, आणि मी परत स्वयंपाकघरात.

आता पुढचं कसं सांगू? हे आंघोळीला गेले होते. भाचीच्या लग्नात घेतलेली नेलपॉलिशची बाटली होती, बिनरंगी. मी चाकांना लावलं. एकेका चाकाला, सगळीकडून.

एकच दिवस, असं ठरवलं होतं. झाले आठ. यांनी मोटर खोलली, वायरी बदलल्या. मीटरची टोकदार सुई चाकाला टेकवली की ती पॉलिशमधून आत रुतायची आणि करंट दिसायचा. इंजिन रुळावर ठेवलं की ठप्प. चाकं तर चकचकीत! “असं होऊच शकत नाही,” म्हणायचे. मी बॅटरी धरून बसायचे. काम करता करता हे बोलायचे — पहिल्या पगाराचं, आईचं, मला बघायला आले तेव्हा घातलेल्या उसन्या शर्टाचं. चहा तिथेच, जमिनीवर. लग्नानंतर इतक्या सुखात मी कधी होते? आठवत नाही.

नवव्या दिवशी इंजिन जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. म्हणाले, “माझं आता जमत नाही गं.” तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मग ते आठ दिवसही खोटे ठरले असते ना — उसना शर्टसुद्धा.

मग हे जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच निघाला. म्हणजे हातच गेले, असं यांनी ठरवून टाकलं. तळमजल्यावरचे म्हात्रे पंपासाठी बोलवायला आले, तर हे नको म्हणाले. “काका, तुमीच नाय बोललात तर कोन बगनार?” म्हात्रे दारात उभे. मी आत कांदा चिरत होते. बाहेर आले नाही.

गेल्या बुधवारी हे भाजीला गेले असताना मी इंजिन खाली काढलं. नेलपॉलिश रिमूव्हरने चाकं पुसली, रुळावर ठेवलं, बटण दाबलं. सुटलं की हो! दोन फेऱ्या बघितल्या. पण आपोआप कसं सुटलं, असं यांनी विचारलं तर काय सांगणार? मग बंद करून पुन्हा त्याच बनियनमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं.

हे आले, पिशवी ओट्यावर ठेवली. मी चटणी वाटायला गेले तर मिक्सर घुंईं करून अडला. पूर्वी यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला असता. लांबूनच बघत म्हणाले, “मेकॅनिकला फोन कर.”

मी केला.