मामा झिरावर झोपेल शे

ती घटना आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं, आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटते.

सत्तर सालानंतर मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा फौजदार होतो. वरचं जंगल नुकतंच अभयारण्य झालं होतं. एके सकाळी अमळनेरची एक मारवाडी बाई ठाण्यात आली. राजस्थानातून आलेला तिचा भाऊ आदल्या सकाळी जनावरं बघायला म्हणून एकटाच जंगलात गेला, तो परतलाच नव्हता. "आमच्या पोरांचे मामा, साहेब. एकच भाऊ आहे हो मला," म्हणत ती बाकावर रडत बसली.

बेपत्ताची नोंद होते न होते तोच खबऱ्या आला. डिंक विकणारा एक डोंगरातला म्हातारा बाजारात सांगत होता, मामा झऱ्यावर पडलाय. मी म्हाताऱ्याला उचलून आणलं.

"मामा कुठंय?"

"झिरावर झोपेल शे, साहेब."

"रक्त दिसलं?"

"हां, दिसनं ना. बठ्ठं तोंड लाल व्हतं." त्यानं कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला.

बाहेर बाईनं हंबरडा फोडला.

"मग उचललं का नाहीस?"

"मामाले कोन हात लावी?"

काय हा उर्मटपणा! मी खुनाच्या फिर्यादीचा कागद पुढे ओढला. पुन्हा पुन्हा विचारलं, पण म्हातारा उत्तर बदलेना. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा विचारलं की काहीतरी वाढवून सांगतो. हा एक अक्षर वाढवत नव्हता. शेवटी विचारलं, "अरे, मामा दिसतो कसा?" त्यानं इकडेतिकडे पाहत स्वतःच्या अंगावर बोटांनी हळूच पट्टे ओढले.

जंगलातला माणूस वाघाचं नाव घेत नाही, मामा म्हणतो, हे ठाण्यात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती, एवढंच.

मी दोन शिपायांना बंदुका काढायला लावल्या. वाघाचं तोंड लाल, मग माणूस कुठं? म्हातारा आपणहून आमच्यापुढे चालू लागला.

झऱ्याकाठी अर्धवट खाल्लेलं सांबर आणि शेजारी तृप्त वाघ. म्हाताऱ्यानं लांबूनच हात जोडले. "मामा, ऊठ आते. वाट दे."

वाघ उठला, आळस देऊन झाडीत गेला. तोच शेजारच्या झाडावरच्या मचाणावरून आवाज आला, "मुझे बुलाया क्या?"

गडी ठणठणीत! केळी खात कालपासून वर बसलेला. खाली उतरला तो फुललेल्या चेहऱ्यानंच. "साहब, इतना हरा रंग मैंने जिंदगी में नहीं देखा!" ठाण्यावर पोचताच बहिणीनं त्याला आधी बदडलं, मग मिठी मारली. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

जबाब घेताना शब्दाचा अर्थ ज्याचा त्यालाच विचारावा, हे मी त्या दिवशी शिकलो. म्हाताऱ्याची माफी मागितली, तेव्हा तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे भाऊ, तू नवा शेस."

माझ्या नोकरीला तेव्हा वीस वर्षं झाली होती.